रत्तीअप्पा आणि दोन डब्यांची बारूद

“कोणी वतली? म्या इचारून राहिलो, थोरलीला धाकटीत कोणी वतली?”

ही आरोळी एवढी जबर होती की लातूरच्या गंजगोलाई बाजारावरची कबुतरं उठली ती थेट औशाच्या किल्ल्यावर जाऊन बसली आणि दोन दिवस परतली नाहीत. मी माडीवर अर्ध्या वाटी पाण्यात दाढी करत होतो. डावा गाल उरकला होता, उजव्याला साबण तसाच. त्याच अवतारात जिना उतरून खाली आलो तर सगळी गल्ली अंगणात जमलेली. थोरलीला धाकटीत ओतली म्हणजे नेमकं काय झालं हे कोणालाच कळलं नव्हतं. तरी शेजारच्या म्हातारीनं, घरात बाईमाणसाचं काहीतरी वाईट झालं असं धरून, सूर लावून रडायला सुरुवात केली होती.

मधोमध आमचे घरमालक रत्तीअप्पा. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, कमरेला पंचा आणि हातात एका डब्याचं झाकण. समोर त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली आक्का म्हणायची. आक्का दुसरा एक डबा राखेनं घासून पदरानं पुसत होत्या.

“म्या वतली,” आक्का म्हणाल्या. “दोन्हीत चार-चार बोटं उरली हुती. एकात केली. डबा मोकळा झाला. टँकर आलाय, दोन तांबे पानी मावतंय त्यात.”

अप्पा ओट्यावर मटकन बसले. विभूतीसकट त्यांचा चेहरा पांढरा झाला होता.

थोरली आणि धाकटी म्हणजे बंदुकीची बारूद. अप्पांचं लातुरात बंदुका दुरुस्तीचं परवान्याचं दुकान होतं. रानडुकरं हुसकायला ज्यांच्याकडे परवान्याच्या रायफली होत्या त्या शेतकऱ्यांची काडतुसं अप्पा हातानं भरून देत. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, तिला नवी टोपी बसवायची, आत बारूद मोजून घालायची आणि वर गोळी दाबायची. सांगायला चार वाक्यं, पण अप्पा एका काडतुसाला जेवढा वेळ घेत तेवढ्यात आमच्या कचेरीत एक अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जायचा. यावरून अंदाज करा. स्वतः अप्पा असे कडक शाकाहारी की कोणी अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरायला जात. जन्मात त्यांनी चिमणी मारली नव्हती. “मारायचं काम लोकायचं,” ते म्हणत, “मोजायचं माजं.”

आणि मोजणं तरी कसं! बारूद मोजायला त्यांच्याकडे सराफाचा काटा होता आणि वजनं रत्तीची, म्हणजे गुंजेएवढी. त्या काट्याची त्यांना अशी सवय लागली की जीभही काटा झाली. चहात साखर रत्तीनं, पानात कात रत्तीनं. एकदा चाकूरला लग्नात पहिला घास घेऊन ते आचाऱ्याला म्हणाले, “मालक, ह्या वाटीभर वरणात मीठ दोन रत्ती कमी हाय.” आचारी चिडला. त्यानं वऱ्हाडातल्या सोनारालाच बोलावून वाटीत मीठ तोलून घालायला लावलं. एक रत्ती घातली, अप्पांनी मान हलवली. दुसरी घातली, अप्पा जेवायला लागले. म्हणतात की आचाऱ्यानं त्याच दिवशी झारा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. खोटं वाटत असेल तर चाकूरला जाऊन विचारा. आचारी आता तिथं नाही, पण चाकूर आहे.

अप्पांची सगळी विद्या हैदराबादच्या एका म्हाताऱ्या उस्तादाची. निजामाच्या काळात अप्पा उदगीरहून तिकडे गेले आणि सहा वर्षं त्याच्या हाताखाली नुसत्या पुंगळ्या पुसत बसले. सातव्या वर्षी उस्तादानं त्यांना बारूद दाखवली आणि एकच वाक्य सांगितलं. ते अप्पा आम्हाला त्याच खणखणीत दखनीत ऐकवायचे: “मियां, दो सासां एक चूल्हे पे नक्को बिठाव!” म्हणजे दोन सासवा एका चुलीवर बसवू नकोस, दोन डब्यांची बारूद एकत्र करू नकोस. डबे एकाच कंपनीचे असोत, एकाच रंगाचे असोत, वरचं नाव एकच असो, तरीही नाही.

मला हे पटायचं नाही. मी म्हणायचो, “अप्पा, नाव तेच, माल तोच, मग फरक कसला?”

“कारकून,” ते म्हणायचे, कारण नव्या कलेक्टर कचेरीत मी कारकून होतो आणि माझं नाव त्यांनी कधी लक्षात ठेवलं नाही, “एकाच आईच्या पोटच्या दोघी भैनी अस्तेत. एक दारात आलेल्याला ताक देती, दुसरी ताकाचं गाडगं डोक्यात घालती. आडनाव एकच अस्तंय ना? कारखान्यातून एका घाण्यातली निघाली ती एक जात, दुसऱ्या घाण्यातली दुसरी. एक नरम, एक गरम. तेवढ्याच रत्त्या दोघींच्या घातल्या तर एकीची गोळी निशाण्यावर जाती अन् दुसरीची बंदूक तुझ्या गालावर येती.”

म्हणून नवा डबा आला की अप्पा त्याला नव्या सुनेसारखे वागवायचे. आल्या दिवशी सगळा सैपाक तिच्या हाती द्यायचा नाही. आधी अगदी कमी मापानं भरायची, उडवून बघायची, पुंगळी उन्हात धरून बघायची, मग माप एका केसानं वाढवायचं. प्रत्येक डब्याला वहीत वेगळं पान, डब्याच्या गळ्याला वेगळ्या रंगाचा धागा आणि वेगळं नाव. नावं सगळी सोयऱ्यांची. एक आळशी बारूद होती, धूर फार आणि जोर कमी. तिला चुलत्याचं नाव होतं. त्या वर्षी चालू असलेले दोन डबे होते थोरली मेहुणी आणि धाकटी मेहुणी. दोघी आक्कांच्या सख्ख्या बहिणी. हिरव्या धाग्याची धाकटी, गरीब गाय. तांबड्या धाग्याची थोरली म्हणजे तोफखाना.

आणि रोज भरायची फक्त दहा काडतुसं. अकरावं कोणी मागितलं, तर लाख रुपये दिले तरी नाही. “धाच्या म्होरं हात खोटं बोलतंय,” असा त्यांचा कायदा होता.

आता त्या वर्षाविषयी. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पाऊस बेपत्ता होता. जिल्हा नवा म्हणून सगळं नवं हवं होतं. नवे शिक्के, नव्या पाट्या, नवे साहेब. पाणी तेवढं नव्हतं. गावाचं तळं असं आटलं होतं की त्याच्या भेगेत एकाची शेळी शिरली ती म्हणे नळेगावच्या शिवारात निघाली, आणि तीही तहानलेलीच. घरोघरी एकच शास्त्र चालायचं: जे उरलं ते एकात करायचं आणि भांडं मोकळं ठेवायचं. दोन अर्ध्या घागरींची एक, दोन पाव हंड्यांचा अर्धा. टँकरचा भोंगा वाजला की ज्या घरात मोकळं भांडं जास्त ते घर सावकार. या शास्त्रात आक्का गल्लीत पहिल्या. त्यांच्या घरात रात्री झोपताना कुठलंही भांडं अर्धं राहत नसे. एकतर भरलेलं, नाहीतर रिकामं.

आटलेल्या तळ्याचा एकच उपयोग सापडला, तो चांदमारीचा, म्हणजे निशाणेबाजीचा. आमच्या साहेबांच्या डोक्यात आलं की नव्या जिल्ह्याचा नेमबाजीचा संघ पाहिजे आणि त्यानं पहिली लढत नांदेडशी दिली पाहिजे. नांदेड जुना जिल्हा, मोठं शहर, गोदावरीकाठचे लोक. त्यांचा कप्तान एक गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, होता. सडका बांधायचा, जीप उडवायचा, आणि त्याच्या मिशीवर दोन लिंबं उभी राहायची. त्यानं निरोप धाडला होता: “लातूरकरहो, येताना पाणी आम्हीच आणतो. तुम्ही फक्त हरायला या.”

चार नेमबाज जमवले. चाकूरचे एक पाटील, शाळेचे ड्रिल मास्तर, एक निवृत्त फौजी आणि मी. मला घेण्याचं कारण एवढंच की अर्ज मीच लिहिला होता. माझ्या नेमाची ख्याती अशी होती की मी बंदूक उचलली की लोक निशाण्याच्या आडोशाला जाऊन बसत, तीच सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून.

कारखान्याची काडतुसं मागवायची होती, पण परवानगीची फाईल जुन्या आणि नव्या जिल्ह्याच्या वाटणीत कुठल्यातरी गठ्ठ्यात गेली ती गेलीच. म्हणून साहेब अप्पांकडे आले. प्रत्येकी वीस, चौघांची ऐंशी काडतुसं. अप्पांनी त्या दिवशी कोरा सदरा घातला होता. चाळीस वर्षं ज्यांची काडतुसं फक्त डुकरांनी ऐकली, त्यांची आता पंच मोजणार होते. संध्याकाळी त्यांनी वहीचं नवं पान काढून वर लिहिलं, ‘लातूर जिल्हा’, आणि त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत बसले.

धाकटी मेहुणी या कामाला नेमली. माप बसवलं, आटलेल्या तळ्यात उडवून बघितलं आणि रोज दहा याप्रमाणे चार दिवसांत चाळीस काडतुसं तयार झाली. चाळीस उरली होती आणि चार दिवसही. डब्यात बारूद बरोबर तेवढीच. पाचव्या सकाळी अप्पांनी ताडून बघायला दोन्ही डबे कपाटातून काढून टेबलावर ठेवले, तेवढ्यात पूजेची वेळ झाली म्हणून ते आत गेले. आणि टँकरचा भोंगा वाजला.

तर आपण अंगणात होतो.

“अगं, धागे दिसले न्हाईत का?” अप्पा कळवळून म्हणाले. “हिरवा अन् तांबडा?”

“मला वाटलं नजरंचा दोरा हाय.”

“ती थोरली हुती! तुझी थोरली भैन!”

आक्कांचा हात थांबला. ही नावं त्यांना आजवर माहीत नव्हती. “माझ्या भैनीचं नाव बारुदीला? अन् तेबी तापटीला?” त्यांनी डबा खाली ठेवला. “मग माझ्या नावाचा कोंचा डबा हाय, ते बी सांगा की गल्लीला!”

“तुझ्या नावाचा न्हाई,” अप्पा म्हणाले. “तुझा अजून अंदाज लागला न्हाई.”

गल्ली हसली, रडणाऱ्या म्हातारीसकट. अप्पा मात्र हसले नाहीत.

दुपारी साहेब आले. चाकूरचे पाटील आले, मास्तर आले. सगळे डब्यात डोकावून बघायला लागले. करड्या दाण्यांचा ढीग, थोरली कोणती आणि धाकटी कोणती ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. आणि नवा डबा मागवून यायला महिना लागायचा.

“अप्पा, दोन्ही बारूदच आहे ना?” साहेब म्हणाले. “माप थोडं कमी करा आणि भरा.”

“किती कमी करू साहेब? एका चमच्यात थोरली जास्त येईल, दुसऱ्यात धाकटी. धा उडवून बघितल्या तरी अकरावीचा भरवसा न्हाई. अन् धा उडवल्यावर उरनार किती?”

“नव्या जिल्ह्याच्या इज्जतीचा सवाल आहे.”

“इज्जत जिल्ह्याची हाय,” अप्पांनी माझ्याकडे बोट केलं, “पर बंदुकीला गाल ह्या कारकुनाचा लागतोय.”

मी गाल चाचपला. एका बाजूला अजून साबण होता. खरं सांगतो, त्या क्षणी मला जिल्ह्याची इज्जत जास्त मोलाची वाटत होती. गुत्तेदाराची मिशी डोळ्यांसमोर नाचत होती. मीही म्हणालो, “अप्पा, भरा. माझ्या गालाची काळजी करू नका. तसाही तो फार कोणी बघत नाही.”

आक्का दारात उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या. “साहेब, चूक माझी हाय. ह्यान्ला काय बोलू नका.”

“चूक तिची न्हाई,” अप्पा तुटक बोलले. “डबे उघड्यावर म्या ठिवले. किल्ली माझ्या कंबरंला हाय.”

मग त्यांनी डबा उचलला आणि तळ्याकडे चालू लागले. मागे साहेब, मागे आम्ही, मागे गल्ली. कोणीतरी सुचवलं की पाण्यात बुडवा, तेव्हा अख्खी गल्ली त्याच्यावर अशी धावून गेली की तो माणूस नंतर बरेच दिवस आमच्या गल्लीतून गेला नाही. बारुदीसाठी पाणी! तळ्याच्या मधोमध अप्पांनी सगळ्यांना लांब उभं केलं, सुक्या गाळावर बारुदीची लांबच लांब बारीक रेघ ओढली आणि टोकाला काडी लावली. पिवळी ज्योत कुठे रेंगाळत, कुठे झपकन उडी मारत पुढे गेली. मिनिटभरात चाळीस काडतुसं, चार दिवसांची कमाई, सगळं एका काळ्या ओळीत संपलं. अप्पा त्या ओळीकडे बोट करून म्हणाले, “बगा. हितं धाकटी, हितं थोरली.” साहेबांनी बघितलं नाही. ते जीपकडे निघून गेले होते.

लढतीच्या दिवशी तळ्यात एवढी गर्दी लोटली की ते कधी आटलं होतं असं वाटेना. गुत्तेदार खरोखरच पाण्याचा टँकर घेऊन आला. लातूरकरांनी आधी पाणी भरून घेतलं आणि मग त्याला शिव्या घातल्या.

आमच्याकडे प्रत्येकी दहा काडतुसं. पहिल्या दहा फेऱ्या झाल्या आणि, बाबांनो, काय सांगू! पाटलांच्या दहा गोळ्या रुपयाएवढ्या जागेत. मास्तरांच्या, फौजींच्या तशाच. माझ्यासुद्धा दहापैकी सात गोळ्या कागदाला लागल्या, आणि कागद माझाच होता. पंचांनी दोनदा मोजलं. लातूर पुढे होतं. लोकांनी टोप्या उडवल्या. अप्पा काट्याच्या पेटीवर हात ठेवून बसले होते.

मग अकरावी फेरी पुकारली आणि आम्ही चौघांनी बंदुका खाली ठेवल्या.

“काय झालं?” गुत्तेदार ओरडला.

“सरली,” अप्पा म्हणाले.

गुत्तेदार मनानं वाईट नव्हता. त्यानं आपली पेटीच उचलून आणली. “घ्या अप्पा, आमची घ्या. बंदूक तीच, पुंगळी तीच. रडीचा डाव नको.”

अप्पांनी एक काडतूस उचललं, उन्हात फिरवून बघितलं. “कोंच्या डब्याची?”

“आता डबा काय विचारता? सोयरिक जमवून राहिलात का?” गुत्तेदार हसला. “दोन-तीन डब्यांचं उरलंसुरलं एकात केलं अन् भरलं. बारूद ती बारूद.”

अप्पांनी काडतूस दोन्ही हातांनी, प्रसाद परत करावा तसं, पेटीत ठेवलं. मग उठून आम्हा चौघांना म्हणाले, “बांधाच्या मागं चला. हे लोक उडवतील तवर तोंड वर करायचं न्हाई.”

आणि आम्ही गेलो. पाच हजार लातूरकरांच्या समोर, लातूर जिल्ह्याचा पहिला नेमबाजी संघ तळ्याच्या बांधामागे उकिडवा बसला. वर एकेक बार होत होता आणि प्रत्येक बाराला अप्पा डोळे मिटून ‘शिवशिव’ म्हणत होते. नांदेडच्या उरलेल्या चाळीसच्या चाळीस गोळ्या सुटल्या. एक बंदूक फुटली नाही. एका नांदेडकराच्या गालावर साधा चट्टाही उठला नाही. गुत्तेदाराच्या मिशीवरची लिंबं जिथल्या तिथं होती. बक्षिसाची ढाल घेऊन जीप निघून गेली, आणि आम्ही बांधामागून वर आलो तेव्हा पोरंटोरं शेंगांची टरफलं फेकून मारत होती.

त्यानंतर वर्षभर अप्पांना बाजारात जाणं मुश्कील झालं. “काय अप्पा, फुटली का बंदूक?” असं भाजीवालीसुद्धा विचारायची. अप्पा कोथिंबीर तळहातावर तोलत म्हणायचे, “फुटली न्हाई. चांगलं झालं.” फाईल सापडली, कारखान्याची काडतुसं आली आणि साहेब पुन्हा अप्पांच्या घराची पायरी चढले नाहीत. ‘लातूर जिल्हा’ लिहिलेलं पान वहीत तसंच, अर्धं भरलेलं राहिलं. अर्धी राहिलेली त्या घरातली ती एकच गोष्ट. आक्कांनी तिला हात लावला नाही.

पुढे माझी हदगावला बदली झाली. तिथून मी कोणाच्या लग्नामुंजीलाही लातूरला फिरकलो नाही, आणि तीन वर्षांनी अप्पा गेल्याचं कार्ड आलं तेही कचेरीच्या टपालात आठवडाभर दबून. तशी माणसं कारखान्याच्या कुठल्या घाण्यातून निघायची कोण जाणे. मला पुन्हा तो डबा मिळाला नाही. आजही मी दोन बाटल्यांतलं औषध एकात ओतत नाही आणि बायको मला वेडा म्हणते.

लातूरहून निघायच्या दिवशी अप्पा स्टँडवर पोचवायला आले होते. नांदेड गाडी लागली होती, कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता. वर्षभर जिभेवर असलेला प्रश्न मी खिडकीतून विचारला. म्हटलं, “अप्पा, आता तरी खरं सांगा. ती मिसळलेली बारूद भरली असती, तर काही झालं असतं का हो?”

अप्पांनी काटा स्थिर व्हायला लागतो तेवढा वेळ घेतला.

“बहुतेक कायबी झालं नसतं,” ते म्हणाले.